टॅपेट वाजतायत, बॉस!

जुन्या बुलेटची टकटक बंद करण्याच्या नादात एक वॉल जाळून बसलो, त्याची ही गोष्ट. आणि रविवारी सकाळी तीन पान्यांनी करायच्या एका कामाचीही.

‘बॉस, टॅपेट वाजतायत तुमचे. टाइट करून घ्या.’

नळस्टॉपच्या सिग्नलला हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, याचा हिशेब आता ठेवत नाही. सांगणारा दर वेळी वेगळा असतो. कधी शेजारचा रिक्षावाला, कधी कॉलेजला निघालेला पोरगा. एकदा तर पीएमपीच्या बसमधल्या एका काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं. पुण्यात बुलेट चालवायला लायसन्स लागतं, बुलेटबद्दल सल्ला द्यायला काहीच लागत नाही. मी हसून मान हलवतो आणि सिग्नल सुटला की निघतो. पण एकदा हा सल्ला मी अगदी मनावर घेतला होता.

बुलेट बाबांची. १९८६ सालची, ३५० सीसी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. बाबांनी तिच्यावर तीस वर्षं ऑफिस गाठलं. २०१७ मध्ये त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा किल्ली माझ्या हातात आली. ‘ऑइल बघत जा आणि ऐकत जा,’ एवढंच म्हणाले. ऑइलचं कळलं. ऐकायचं म्हणजे नेमकं काय, ते मी विचारलं नाही.

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये तेव्हा सगळ्या नव्या गाड्या. बटण दाबलं की चालू, आवाज असा की चालू आहे की बंद तेच कळू नये. त्यात माझी बुलेट शिरली की टक टक टक टक... ‘आली शिलाई मशीन!’ टीममधल्या लोकांचा रोजचा जोक. सुरुवातीला मीही हसायचो. पण रोज सकाळी साडेनऊला तोच जोक ऐकला की माणूस वैतागतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका संध्याकाळी ऑफिसमधून तडक एका गॅरेजवर गेलो आणि म्हणालो, ‘हा आवाज बंद करून द्या. कसाही.’

त्याने दहा मिनिटांत बंद करून दिला. इंजिन हात लावता येणार नाही इतकं तापलेलं होतं. त्याने खालचं झाकण काढलं, पाना घातला, ऐकलं, अजून थोडं पिळलं, पुन्हा ऐकलं. टकटक गेली. मी खूश. घरी आलो तेव्हा बाबा गॅलरीत होते. वर पोचल्यावर म्हणाले, ‘गाडी मुकी का झालीय रे?’ मला वाटलं, कौतुक करतायत.

पुढचे चार-पाच आठवडे भन्नाट गेले. बुलेटला किक मारणं म्हणजे एक विधीच असतो. अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबून किक जराशी पुढे सरकवायची, मग सोडून पूर्ण वजन टाकायचं. चुकलं तर ती उलटी किक देते आणि पोटरी दोन दिवस दुखते. पण आता किक हळूहळू हलकी होत चालली होती. सकाळी गाडी पटकन सुरू व्हायची नाही, सात-आठ किका लागायच्या, पण पाय सहज खाली जायचा. बाइक सुधारतेय, असा माझा समज. आज हे लिहितानाही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. किक हलकी होणं म्हणजे कॉम्प्रेशन जाणं. दाबलेलं मिश्रण कुठून तरी निसटत होतं आणि मी त्याला सुधारणा म्हणत होतो.

डिसेंबरमध्ये दिवेआगरला गेलो. येताना माणगावहून ताम्हिणीचा रस्ता धरला. विळे मागे पडलं, चढ सुरू झाला आणि गाडीतला जीव जायला लागला. पूर्ण ॲक्सिलरेटर, दुसरा गिअर, आणि स्पीड सायकलचा. सायलेन्सरमधून फट् फट् असे बार. एका वळणावर ती बंदच पडली. किक मारली तर पायाला काही लागेचना, नुसती हवेत मारल्यासारखी. शेवटी रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. बाबांची बुलेट दोरीने बांधून, टमाट्याच्या क्रेट्सच्या शेजारी उभी करून पुण्यात आली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. त्यानेही विचारलं, ‘टॅपेट बघितले का?’

नाना पेठेच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी हेड उतरवलं आणि एक्झॉस्टचा वॉल माझ्या तळहातावर ठेवला. गोल कडेचा एक तुकडा गायब. उंदराने भाकरी कुरतडावी तसा.

‘टॅपेट कुणी टाइट केले?’

‘मीच करून घेतले, काका. आवाज येत होता म्हणून.’

‘गरम इंजिनवर?’

मी मान हलवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘वाजणारा टॅपेट निदान तक्रार तरी करतो. मुका असतो ना, तो वॉल खातो.’

नवा वॉल, नवा गाइड, सीट कापून घेणं, वॉल घासून बसवणं, मजुरी. त्या बिलात एक बरा फोन आला असता. पण खरा त्रास बिलाचा नव्हता. तीस वर्षं नीट चाललेलं इंजिन मी दीड महिन्यात उघडायला लावलं होतं, तेही ऑफिसमधल्या एका फालतू जोकपायी. बाबा काही बोलले नाहीत. ते आणखी वाईट.

फट कशाला हवी?

फंडा खरं तर सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह असतात, गॅरेजच्या भाषेत ‘वॉल’. बुलेटला दोन. एक पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारा, दुसरा जळका धूर बाहेर सोडणारा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर प्रत्येक वॉल मिनिटाला दीड हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि बंद होतो. तो उघडतो कॅममुळे. कॅम टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर वॉलला. बंद करायचं काम स्प्रिंगचं.

या साखळीत कुठेतरी अगदी बारीकशी मोकळीक लागते. कारण धातू तापला की वाढतो. मोकळीक नसेल तर साखळी वॉलला पूर्ण मिटूच देत नाही. आणि एक्झॉस्ट वॉलचं सगळं आयुष्य त्या मिटण्यावर असतं. आगीच्या झोतात उभा असलेला हा गडी थंड होतो तो मुख्यतः बंद असताना, सीटला टेकून, आपली उष्णता सीटला देऊन. टेकायलाच मिळालं नाही तर तो तापत राहतो, कडेच्या फटीतून पेटलेला गॅस निसटत राहतो आणि एक दिवस कड जळते. यातलं काहीच ऐकू येत नाही. हाच तर घोळ आहे.

फट वाढली तर? मग टकटक. वॉल थोडा उशिरा उघडतो, थोडा लवकर मिटतो, पॉवर किंचित कमी होते, फार दिवस तसंच चालवलं तर टॅपेट आणि रॉकर झिजतात. चांगलं नाहीच, पण घाटात उभं करत नाही. आणि फट दोन्हीकडे सरकते, हे मला माहीतच नव्हतं. कॅम, टॅपेट झिजले की ती वाढते. पण वॉल सीटवर आपटून आपटून आत बसत गेला की ती कमी होते. म्हणजे काही न करता, कुणी पाना न लावताही जुनी गाडी हळूहळू गप्प होऊ शकते. आणि आपण समजतो, वा, काय स्मूथ झाली!

माझ्या बुलेटचं इंजिन जुन्या पद्धतीचं, बिडाच्या सिलिंडरचं. हे डिझाइन मूळचं इंग्लंडमधल्या रेडिचचं, १९४०च्या दशकाच्या शेवटचं. भारतीय लष्कराला या गाड्या हव्या होत्या, त्यातून १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडियाची सुरुवात झाली. पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, पण मद्रासमध्ये हे इंजिन थोडेफार बदल होत २०१०च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. त्याच्या जागी आलेल्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट होते, ऑइलच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारे. म्हणून त्या गाड्यांच्या मालकांना हा सगळा लेख म्हणजे आजीच्या काळातल्या पाट्या-वरवंट्याची गोष्ट वाटेल. वाटू दे. यामाहा आरएक्स १०० किंवा जुन्या येझ्दीवाल्यांनीही सोडून दिलं तरी चालेल, त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात हे वॉल-टॅपेट नसतातच.

बिडाच्या बुलेटचा नियम असा : इंजिन थंडगार असताना फट शून्य. शून्य म्हणजे दाब नाही आणि खेळही नाही. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड मिळून उंच होतात, पुशरॉडपेक्षा जरा जास्तच, आणि हवी ती फट आपोआप पडते. आता माझ्या त्या नोव्हेंबरच्या संध्याकाळचा विचार करा. तापलेल्या इंजिनात पडलेली ही फट पान्याने मिटवली. रात्री इंजिन थंड होऊन आक्रसलं. पुशरॉड मात्र तेवढाच वर उभा. म्हणजे सकाळी वॉल उघडाच. सात-आठ किका लागणार नाहीत तर काय होईल?

दोन हात, तीन पाने

रिपेअरनंतर मिस्त्रीकाकांनी मला एक अट घातली. पुढचे टॅपेट तू करायचे, मी स्टुलावर बसून बघणार. मी लॅपटॉपवर बोटं चालवणारा माणूस. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

गाडी रात्रभर उभी हवी. ‘सकाळी दूध आणून आलो, मग दोन तास थांबलो’ हे चालत नाही. मेन स्टँडवर घ्यायची, स्पार्क प्लग काढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवायचं. प्लग काढल्यामुळे इंजिन हलकं फिरतं. उजव्या बाजूला सिलिंडरच्या पायथ्याशी एक छोटं झाकण असतं, एका नटवर बसलेलं. खाली जुना पेपर पसरा, कारण ते काढलं की थोडं ऑइल ओघळतंच. आत दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतात. पुढचा एक्झॉस्टचा, मागचा इनलेटचा.

आता पिस्टन सगळ्यात वर आणायचा, पण कॉम्प्रेशनच्या वेळचा वर. हे ‘पण’ महत्त्वाचं आहे, कारण पहिल्यांदा मी नेमका इथे आपटलो. फोर-स्ट्रोक इंजिनात एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबताना, तेव्हा दोन्ही वॉल मिटलेले असतात. दुसऱ्यांदा धूर बाहेर ढकलून संपताना, तेव्हा दोन्ही थोडे थोडे उघडे असतात. मी दुसरा पकडला. पुशरॉड आवळलेले वाटले म्हणून भरपूर सैल केले, सगळं बंद केलं, किक मारली. शिलाई मशीन परवडली! स्टीलच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने काम थांबवून बघितलं. काका स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांना आधीच दिसलं होतं, पण बोलले नव्हते. ‘आता उद्या ये. इंजिन थंड झाल्यावर.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी साधी खूण सांगितली. अंगठा प्लगच्या भोकावर ठेव आणि चाक फिरव. कॉम्प्रेशनचा स्ट्रोक असेल तर हवा अंगठा ढकलून फुस्स करून बाहेर येते. धुराच्या स्ट्रोकला तसं होत नाही, हवा एक्झॉस्टमधून निघून जाते. किंवा मागचा, इनलेटचा पुशरॉड बघ. तो वर जाऊन खाली आला, की त्यानंतर पिस्टन वर येतो तोच आपला. तिथे एखादा अंश इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही, त्या भागात कॅम सपाटच असतो.

मग खरं काम. प्रत्येक टॅपेटवर तीन जागी पाना लागतो. खाली टॅपेटचा दांडा धरायला, मध्ये चेकनट सोडायला आणि वर पुशरॉड ज्या वाटीत बसतो ती वाटी फिरवायला. दोन हात, तीन पाने आणि जागा तळहाताएवढी. मिस्त्री लोक हे बोटांच्या कसल्या तरी जादूने करतात. मी दोन पान्यांनी धरतो, तिसरा तोंडात नसला तरी मांडीवर असतो. पाने पातळ हवेत, जाड पाना आत शिरतच नाही. मी एक पाना ग्राइंडरवर घासून घेतला, नाना पेठेत तो विकणाऱ्यानेच घासून दिला.

चेकनट सोडा, वाटी थोडी फिरवा, आणि पुशरॉड चिमटीत धरून बघा. उदबत्ती बोटांत फिरवावी तसा तो गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. यात फीलर गेज नाही, आकडा नाही, चिमूट हेच माप. मला सुरुवातीला हे फार अशास्त्रीय वाटलं. पण वीस-पंचवीस वेळा फिरवून बघितल्यावर बोटांना कळायला लागतं. आवळलेला पुशरॉड फिरताना किंचित खरखरतो, सैल झालेला टिक करतो, आणि मधे एक जागा असते जिथे तो नुसता फिरतो. मी एक्झॉस्टचा अगदी केसभर सैलाकडे ठेवतो. पुस्तकात असं नाही. पण ज्याने एकदा जळका वॉल तळहातावर घेतलाय, त्याला तेवढी सूट द्या.

मग चेकनट आवळायचा, आणि इथे दुसरी गोम आहे. नट आवळताना माप सरकतं. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा चिमूट. बिघडलं असेल तर पुन्हा सोडा. माझं पहिल्या वर्षी तीन-चारदा बिघडायचं, आता एकदा बिघडतं. शेवटी चाक फिरवून इंजिनाचे दोन पूर्ण फेरे करायचे, पुन्हा कॉम्प्रेशनवर आणायचं, पुन्हा बघायचं. झाकणाचं पॅकिंग धड असेल तर तेच, नाहीतर नवं. झाकणाचा नट जोर लावून आवळू नका, पॅकिंग दबून ऑइल गळायला लागतं आणि मग बुलेटवाल्यांबद्दलचे उरलेसुरले जोकही खरे ठरतात.

मला आता एक तास लागतो. काकांना दहा मिनिटं.

हे सगळं फक्त बुलेटवाल्यांसाठी नाही. आमच्या टीममधला एक जण अजून हीरो होंडा सीडी १०० चालवतो, त्याच्या मामांकडून आलेली. तिचा कॅम वर हेडमध्ये असतो, त्यामुळे काम वरून, रॉकरच्या टोकाशी. स्प्लेंडरचंही तसंच. डाव्या बाजूच्या कव्हरवरच्या छोट्या टोप्या काढून फ्लायव्हीलवरची ‘टी’ची खूण जुळवायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीची फीलर गेजची पट्टी रॉकर आणि वॉलच्या मधे सरकवायची. लोण्यातून सुरी जाते तशी जाऊ नये, अडकूही नये, हलकी ओढ लागली पाहिजे. स्क्रू, चेकनट, आणि नट आवळल्यावर पुन्हा पट्टी. तिथे ‘शून्य’ चालत नाही हं! मिलिमीटरचे काही शतांश का होईना, फट लागतेच. बुलेटचा नियम सीडी १०० ला लावाल तर माझ्यासारखा टेम्पो शोधावा लागेल.

आणि प्रत्येक टकटक टॅपेटची नसते, हेही सांगायला हवं. थंड इंजिनात पिस्टन थोडा वाजतो, बुलेटचे टायमिंग गिअर स्वतःचं एक गाणं गातात. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात, डॉक्टरसारखं. मी करून बघितलं. मला सगळीकडून सारखाच आवाज आला. सहा महिन्यांनी वेगवेगळे यायला लागले.

बाबांना मी नंतर विचारलं, त्या दिवशी गाडी मुकी झाली म्हणालात, तेव्हाच सांगायचं ना. ते म्हणाले, ‘मला काय माहीत तू काय करून आणलंस. मला वाटलं, कंपनीतले लोक हुशार असतात.’ आता दर दोन-अडीच हजार किलोमीटरला, रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये पेपर पसरतो. थोड्या वेळाने बाबा चहा घेऊन खाली येतात, पुशरॉड स्वतः एकदा चिमटीत फिरवून बघतात आणि काही न बोलता वर जातात. मागच्या वेळी इनलेटला थांबले, परत फिरवला, म्हणाले, ‘हा बघ जरा.’ मी बघितला. अगदी किंचित आवळलेला होता.

येत्या रविवारी सीडी १०० वाला येतोय. गेज त्याने आणायचं, पाने माझे, चहा आमच्याकडे. सात वाजता ये म्हटलंय आणि गाडी आदल्या रात्रीच इथे आणून ठेव म्हटलंय. तो म्हणतो, सकाळी चालवतच येतो, पंधरा मिनिटांचं तर अंतर आहे.